नॉकाराचे छप्पर

त्या घरात सकाळचा उजेड पूर्वेच्या उंच खिडक्यांतून येई, आणि त्याला यायला फार वेळ लागे. आमच्या कोकणात सूर्य डोंगरावर आला की अंगण एकदम उजळून निघते. डोळे चोळायलाही सवड मिळत नाही. आयर्लंडमध्ये तसे नव्हते. तिथे ऑक्टोबरात आधी काचेचा काळेपणा विरघळून राखी होई, मग त्या राखी रंगात बाहेरच्या बीच वृक्षांची खोडे एकेक करून उभी राहत. त्यानंतर बऱ्याच वेळाने, आता उठावे की पडून राहावे असा विचार करत मी कूस बदलली असताना, खिडकीच्या लाकडी झडपेच्या फटीतून पाणी घातलेल्या दुधासारखी एक पट्टी जमिनीवर उतरे. ती प्रथम माझ्या बुटांपाशी येई. तिथून उघड्या फळ्यांवरून सरकत, पूर्वी जिथे गालिचा असे त्या गडद चौकोनाची कड ओलांडून, भिंतीवर चढे. भिंतीला हिरवा रेशमी कागद लावलेला होता आणि तो सगळीकडे विटून गेला होता. फक्त विकून टाकलेली चित्रे जिथे टांगलेली असत, तिथे तो अजून पोपटी, ताजा राहिला होता. उजेड त्या पोपटी तुकड्यांपाशी पोहोचला की थोडा रेंगाळे, निदान मला तसे वाटे. मी रोज तेवढे पाहून मगच उठत असे. त्यात विशेष काही नव्हते. रोज उजाडते तसे ते उजाडणे होते.

दार वाजले.

“उठलात का, मिस्टर बेहेरे? की आजही भिंतच बघत पडलात?” बाहेरून डिलिया म्हणाली. ती त्या घरची स्वयंपाकीण, आणि इतर सगळे नोकर एकेक करून गेल्यामुळे आता मोलकरीण आणि माळीणही. वय साठीच्या पुढचे. “बटाटे गार होतायत. आणि मिस लेटी केव्हाच्या टेबलाशी येऊन बसल्यात. मोत्यांची माळ घालून.”

“आज काही विशेष आहे का?”

“तुमच्याकडे काहीतरी मागणार आहेत.”

“माझ्याकडे?”

“माझ्याकडे मागायला त्या माळ कशाला घालतील?”

ही १९५७ सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खोताचा मुलगा. मुंबईत वास्तुकलेची पदविका घेतली, आणि वडील गेल्यावर डब्लिनला येऊन एका कचेरीत नकाशे काढू लागलो. मला चारचौघांत बोलता येत नसे, मोजता मात्र येत असे, म्हणून कचेरीने मला नॉकारा हाउसला पाठवले होते. घर जसे आहे तसे मोजून कागदावर उतरवायचे होते, कारण ते तसे फार दिवस राहणार नव्हते.

त्या देशात घरपट्टी होती ती छप्पर असलेल्या घराला. छप्पर काढले की कायद्याच्या लेखी घर उरत नसे. नुसत्या भिंती उरत, आणि भिंतींना पट्टी नव्हती. एके काळी आसपासच्या सगळ्या जमिनीचे मालक असलेली जमीनदार घराणी आता जमिनीवाचून आपली अवाढव्य घरे पोसत होती. ज्यांना ते झेपेना ते कौले आणि शिसे विकून घर आभाळाखाली उघडे टाकत. नॉकाराचा मालक जेरल्ड कॉर्बेट केनियात मळा करत होता, त्यानेही तेच ठरवले होते. घरात राहत होती ती त्याची सत्तरीची आत्या, मिस लेटिशिया कॉर्बेट. पुतण्याने एकच वाट मोकळी ठेवली होती. शाळेला पट्टी नसे. तेव्हा गावाने शाळेसाठी घर मागितले तर ते फुकट द्यायचे, आणि आत्याने खालच्या दोन खोल्यांत हयातभर राहायचे. त्यासाठी रविवारी प्रार्थनेनंतर गावाची बैठक भरणार होती. गाव नको म्हणाले, तर सोमवारी शिड्या लागणार होत्या.

मिस कॉर्बेट लांबलचक टेबलाच्या एका टोकाला बसल्या होत्या. माझी खुर्ची त्यांच्या डावीकडची. पहिल्याच दिवशी ती ठरली, आणि ती कशी ठरली हे मला कुणी सांगावे लागले नव्हते. कुणी कुठे बसायचे, कुणी पुढच्या दाराने यायचे आणि कुणी मागच्या, हे सगळे मला त्या घरात न सांगता समजत असे. परक्या देशातले ते पहिले घर, जिथे मला परके वाटले नाही.

“तुम्ही जमीनवाल्या घरातले आहात,” त्या म्हणाल्या. “म्हणून तुम्हाला सांगते. दुसऱ्या कुणाला यात फुशारकी दिसेल.”

डिलियाने माझ्यापुढे उकडलेले बटाटे ठेवले. मी मांस खात नाही हे कळल्यापासून ती तिन्ही वेळा मला बटाटेच वाढत होती. “बटाट्याला धर्म नसतो,” ती पुटपुटली आणि कोपऱ्यात जाऊन चांदीचे चमचे पुसत उभी राहिली. चमचे स्वच्छच होते.

“एकोणीसशे एकवीसचा जून,” मिस कॉर्बेट म्हणाल्या. “इंग्रजांविरुद्ध लढा चालू होता, आणि आमच्यासारख्यांची घरं जाळणं हा त्या लढ्याचाच भाग होता. त्या उन्हाळ्यात आसपास किती जळली! ते रात्री यायचे. घरच्यांना पाव तास द्यायचे सामान काढायला. स्वतः हात लावायचे, मिस्टर बेहेरे. एखादी लंगडी आत्या असली तर तिला खुर्चीसकट उचलून झाडाखाली ठेवायचे, अंगावर शाल घालायचे, आणि मग रॉकेल ओतायचे. फार सभ्य लोक.”

कोपऱ्यातून चमचा पडल्याचा आवाज आला.

“आमच्याकडेही आले. गावातलीच मुलं. मॅट टायनन त्यांचा म्होरक्या, तेवीस वर्षांचा. माझे वडील पायऱ्यांवर उभे, मी त्यांच्या मागे. अर्धं सामान बाहेर निघालं होतं. पियानो हिरवळीवर. एवढ्यात मॅट जरा बाजूला गेला, आपल्या माणसांशी काहीतरी बोलला, परत आला, टोपी काढली, आणि म्हणाला, ‘आज नको, मेजर.’ एवढंच. आणि सगळं सामान त्यांनी परत जागच्या जागी आणून ठेवलं. पियानोसुद्धा! वडील मला म्हणाले, ‘बघितलंस, लेटी? आपण यांच्याशी माणसासारखं वागलो ते हे विसरले नाहीत.’”

त्या वर्षापासून जून महिन्यातल्या त्या तारखेला नॉकारा हाउसमधून गावात केक जात असे. त्या रात्री आलेल्या प्रत्येकाच्या घरी एक. मेजर गेले, जमीन गेली, नोकर गेले, तरी केक गेल्याशिवाय राहिला नव्हता.

“रविवारी मॅटनं उभं राहून एवढंच सांगावं, की त्या रात्री ते मागे का फिरले,” मिस कॉर्बेट म्हणाल्या. त्यांचा हात माळेवर होता. “मग कोण म्हणेल, काढा छप्पर? तुम्ही आज त्याच्याकडे जाल का?”

“तुम्हीच का सांगत नाही त्याला?” मी कसेबसे विचारले.

“मी विचारलं तर ते मागणं होईल. तुम्ही विचारलंत तर ती नुसती चौकशी.” मग नेहमीपेक्षा हळू आवाजात त्या म्हणाल्या, “माझा जन्म या घरात झाला, मिस्टर बेहेरे. पाऊस पडताना या जिन्यात उभं राहण्याची कल्पना मला करवत नाही.”

मॅट टायननचे घर फाटकाच्या पलीकडे, पश्चिमेला उतरत जाणाऱ्या गल्लीत पहिलेच होते. बैठे, पांढऱ्या चुन्याचे, वर नव्या कौलांचे. तो दारातल्या बाकावर बसून फावड्याला नवा दांडा बसवत होता. अंगाने वाळलेला, डोक्यावर टोपी, आणि डोळे असे की समोरच्या माणसाला घाई आहे हे त्यांना मान्यच नसावे.

“तू तो मोजणारा ना?” तो म्हणाला. “बस. किती भरलं घर?”

“अजून पुरं झालं नाही.”

“माझ्या बापालाही ते पुरतं बघायला मिळालं नाही. स्वयंपाकघराच्या पुढं कधी गेलाच नाही तो. तू कुठं निजतोस?”

“वरच्या मजल्यावर. हिरव्या खोलीत.”

“वा! त्या खोलीतलं कपाट मी खाली आणलं होतं, आणि परत वरही नेलं होतं. एकाच रात्रीत. त्याच्याएवढं जड लाकूड मी जन्मात उचललं नाही.”

त्याने विषयाला आपणच हात घातला होता. मी धीर केला आणि मिस कॉर्बेटनी सांगितले तसे विचारले. त्याने दांडा खाली ठेवला. मग उठून गल्लीच्या मध्यावर जाऊन उभा राहिला आणि मला त्याने हाताने बोलावले.

“तिकडं बघ. डिलियाच्या चुलीचा धूर. कुठं चाललाय?”

झाडांच्या वर नॉकाराची धुराडी दिसत होती. धूर आमच्यापासून दूर, पूर्वेला कलला होता.

“आमच्याकडं वारा पश्चिमेचा. बारा महिने म्हणालास तरी चालेल. त्या रात्री पूर्वेचा होता. का होता ते देव जाणे. ही सगळी गल्ली तेव्हा गवतानं शाकारलेली, आणि जून अगदी कोरडा गेलेला. आम्ही रॉकेल दारात आणून ठेवलं. एकाच्या हातात चूड होती, तिच्यातनं एक ठिणगी उडाली, आणि मी आपला तिच्याकडं बघत राहिलो. हिरवळीवरनं गेली. फाटकावरनं गेली. आणि इकडं आली.” त्याने आपल्या दाराकडे बोट केले. “माझी म्हातारी आई आत निजली होती.”

“म्हणून तुम्ही ‘आज नको’ म्हणालात.”

“आज नको म्हणजे आज नको. वारा फिरला की यायचं ठरलंच होतं. तो फिरेना. मग आम्हाला दुसरीकडं बोलावणं आलं, आणि जुलैत तह झाला. राहून गेलं ते राहून गेलं.”

मी विचारले, “आणि केक?”

मॅटने टोपी मागे सारून कपाळ खाजवले. त्या प्रश्नाने मात्र तो खरोखर अडचणीत आला.

“पहिल्या वर्षी डिलिया घेऊन आली, तेव्हा बायको म्हणाली, परत कर. मी म्हटलं, परत करायचा तर का ते सांगावं लागेल, तू सांगतेस? मग तिनं कापला. चांगला होता रे! मनुका जरा मोजून घातलेल्या, पण व्हिस्कीला हात सैल. दुसऱ्या वर्षी सांगणं आणखी अवघड झालं. तिसऱ्या वर्षी तर काय तोंडानं सांगणार?”

“मिस कॉर्बेट वाईट नाहीत.”

“वाईट कोण म्हणतं? माझी बायको शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा रोज येऊन बसायची ती. हात धरून. चांगली बाई आहे. आणि ते घर, ते घर आहे. दोन्ही खरं.” तो पुन्हा बाकावर बसला. “माझ्या पणजोबाचं खोपट त्या तळ्याच्या अंगाला होतं. मोठ्या दुष्काळातली गोष्ट. तेव्हा असल्या लहान कुळांच्या खोपटांची पट्टी जमीनदारानं भरायची असा कायदा. तर कॉर्बेटांचा कारभारी माणसं आणि दोर घेऊन आला आणि त्यानं छप्पर ओढून काढलं. छप्पर नाही तर घर नाही, घर नाही तर पट्टी नाही. पणजी आत बाळंतीण होती.”

हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मलाच राग आला, आणि तो कुणाचा हे समजेना.

“सगळेच जमीनदार तसे नसतात,” मी म्हणालो. “माझे वडील खोत होते. गावचे मालकच म्हणा. आमच्याकडेही आता कायदा आला, जमिनी कुळांकडे गेल्या. पण गावाचा त्यांच्यावर जीव होता.”

मॅटने माझ्याकडे पाहिले आणि अतिशय सभ्यपणे मान हलवली. दर जूनमध्ये डिलियाच्या हातातून केक घेताना तो नेमकी अशीच मान हलवत असला पाहिजे, हे माझ्या लक्षात यायला पुढे काही दिवस जावे लागले.

“तिला सांग,” तो म्हणाला, “रविवारी मला कुणी उठून विचारलं तर मी खरं तेच सांगेन. पाद्री समोर बसलेला असताना दुसरं काय सांगणार? नाही विचारलं तर तोंड उघडणार नाही. ठरवणं तिच्याकडं. आणि हेही सांग, की कौलं उतरवायचं काम माझ्या पोरांनी घेतलंय. दुसऱ्यांनी घेतलं असतं तर वरनं फेकली असती. ही हातात उतरवतील.”

परत येताना मी मुद्दाम मागच्या दाराने गेलो. स्वयंपाकघरात डिलिया कणीक तिंबत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “सांगितलंन् का वाऱ्याचं?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझा भाऊच होता ना त्यांच्यात. चूड त्याच्याच हातात होती, मेल्याच्या. जाळायला आला होता आणि पाय पुसून आत शिरला. मी बघितलं ना.”

“मग इतकी वर्षं तुम्ही…”

“पहिल्याच वर्षी सांगणार होते. पण केक भट्टीत होता.” तिने पिठाच्या हाताने डोळ्यांवरचे केस मागे सारले. “आता तुम्ही काय सांगणार त्यांना?”

जिना चढताना मी मनाशी जुळवू लागलो: मॅट म्हातारा झाला आहे, त्याला सभेत बोलवत नाही, त्याचा घसा धरला आहे. एकही वाक्य अखेरपर्यंत टिकेना.

मिस कॉर्बेट दिवाणखान्यात पियानोपाशी उभ्या होत्या. झाकण बंद होते, त्यावर त्यांचे दोन्ही हात होते. मी दारातच थांबलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मला एक अक्षरही बोलावे लागले नाही.

“वाऱ्याचं म्हणाला का तो?”

मी होय म्हणालो.

“मी वडिलांच्या मागे उभी होते. माझे केस सुटलेले होते. ते तोंडावर येत होते, मागे जात नव्हते. त्या पायऱ्यांवर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की केस कधी तोंडावर येत नाहीत.” त्या खिडकीकडे वळल्या. “वडील इतके खूष होते. मला कधीही त्यांनी एवढ्या आनंदानं जवळ घेतलं नव्हतं.”

“तर मग मला कशाला पाठवलंत?” माझ्या तोंडून निघून गेले. असे मी कुणाला विचारत नसे.

“मला वाटलं, इतकी वर्षं केक पाठवल्यावर ते खरं झालं असेल.”

मग त्या पहिल्यासारख्या ताठ झाल्या. “मॅटला रविवारी कुणीही काही विचारू नये, असं मी पाद्र्यांना कळवीन. भर सभेत त्याला खरं बोलायला लावणं हे असभ्यपणाचं होईल. आणि खोटं बोलायला लावणं तर फारच.”

“पण मग घर?”

“हो,” मिस कॉर्बेट म्हणाल्या. “मग घर नाही.”

रविवारी बैठक झाली. गावाने फार हळुवारपणे नकार दिला. मुलांना एवढ्या उंच खोल्यांत थंडी वाजेल, असे कारण सांगितले गेले. मॅट शेवटच्या बाकावर बसला होता आणि अखेरपर्यंत बोलला नाही, असे डिलियाने येऊन सांगितले. मग ती पडवीत गेली आणि बराच वेळ बादल्या आपटत राहिली.

सोमवारी शिड्या लागल्या. मॅटचे दोन मुलगे आणि आणखी काही जण छपरावर चढले, पण त्याआधी त्यांनी मिस कॉर्बेटचे सामान फाटकाजवळच्या दरवानाच्या जुन्या घरात हलवायला घेतले. तिथे त्या आणि डिलिया राहणार होत्या. मिस कॉर्बेटनी तिथे जाऊन बसायचे नाकारले आणि हिरवळीवर खुर्ची टाकून बसल्या. अंगात कोट, हातात मोजे. मी नकाशे काढायचा माझा फळा घेऊन त्यांच्याजवळ उभा होतो; छपराखालचे वासे उघडे पडले की तेही कागदावर उतरवून घ्यायचे होते. मॅट वर चढण्याच्या वयाचा नव्हता. खाली आलेली निळसर दगडी कौले तो एकावर एक उभी रचत होता. एकही फुटलेले मला दिसले नाही.

जवळून जाताना त्याने टोपी काढली.

“आज वारा कुठला, मॅट?” मिस कॉर्बेटनी विचारले.

तो थबकला. त्याने प्रथम माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “पश्चिमेचा, मिस,” तो म्हणाला.

“बरं झालं. गल्लीत धूळ जायला नको.”

“नाही जायची, मिस.” तो टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “केकबद्दल आम्ही कधी आभार मानले नाहीत.”

“मनुका कमी असायच्या,” त्या म्हणाल्या. “डिलियाची चूक.”

“असं कसं, मिस लेटी!” मागून डिलिया ओरडली. “मोजून तुम्ही द्यायच्या ना!”

मॅट हसला. तो हसल्यावर त्याही हसल्या, आणि ते दोघे जन्मभर एकमेकांना बघत आले आहेत हे मला पहिल्यांदा दिसले. तो पुन्हा कौलांकडे गेला.

तेवढ्यात पुढच्या दारातून चार जण हिरव्या खोलीतले कपाट खांद्यावर घेऊन बाहेर पडले. पायऱ्या उतरताना पुढचे दोघे खाली वाकले, मागच्यांनी हात उंचावले, कपाट तसूभरही कलले नाही. न बोलता, एकाच पावलाने ते फाटकाकडे निघाले.

“छान उचलतात,” मिस कॉर्बेट म्हणाल्या. “मलाही असंच नेतील. आमच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या दारापर्यंत. ते कॅथलिक, आत यायची त्यांच्या धर्माची परवानगी नाही, त्यामुळे टोप्या काढून बाहेर भिंतीशी उभे राहतील. वडिलांच्या वेळी उभे होते. पाऊस लागला होता, तरी. जाळायला आले होते तेच सगळे.” त्यांनी मोजा ओढून सारखा केला. “त्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.”

कपाट झाडांच्या आड गेले.

“तुमच्याकडे खांद्यावरूनच नेतात ना? तुमच्या वडिलांना कुणी नेलं, मिस्टर बेहेरे?”

“तालुक्याच्या गावाहून चार माणसं आणावी लागली,” मी म्हणालो. “माझा काका घेऊन आला.”

“गावातली नाही?”

“नदीला पूर होता. आमचं घर अलीकडच्या काठाला, आणि कुळांची वाडी पलीकडे. पूर नसता तर सगळा गाव लोटला असता.”

हे मी मुंबईत मावशीला सांगितले होते, बोटीवर सोबत्यांना सांगितले होते, डब्लिनच्या घरमालकिणीला सांगितले होते. आईने ते प्रथम म्हटले त्या दिवसापासून आमच्या घरात ते इतक्या वेळा म्हटले गेले होते, की मला पुराचा गढूळ रंगसुद्धा आठवत असे. ऐकणारा प्रत्येक जण मान हलवी. मिस कॉर्बेटनी हलवली नाही.

“कुठला महिना होता?” त्यांनी विचारले.

“मार्च.”

“माझा भाऊ तुमच्याकडे पलटणीत होता. पुण्याला,” त्या म्हणाल्या. “मार्च महिना म्हटला की धुळीचंच सांगायचा.”

त्यांनी तेवढेच म्हटले, तेही माझ्याकडे न पाहता. वर कुणीतरी कौलाखालचा खिळा उपटत होता. मी फळ्यावरच्या कागदाकडे पाहत राहिलो.

होळी होऊन चार दिवस झाले होते. नदीतले दगड उघडे पडले होते. बाबांना अंगणातून उचलले तेव्हा पलीकडच्या वाडीतली सगळी माणसे आपापल्या दारांत उभी राहून बघत होती, आणि पाऊल न भिजवता त्यांना अलीकडे येता आले असते. ती आली नाहीत.